हरवला की चोरीला गेला?

"हरवला की चोरीला गेला?" पोलिसाने विचारलं.

त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, एकेक शब्द वेचून बोलण्याचं. टेबलावर दोन फॉर्म होते, एक हरवलेल्या वस्तूंचा आणि एक चोरीचा. दोन्ही माझ्यापुढे सरकवून तो पेन धरून बसला.

"चोरीला गेला," मी म्हणाले.

"तुम्ही कुणाला पाहिलंत?"

"नाही. ट्राममध्ये गर्दी होती. उतरून पर्समध्ये हात घातला तर नव्हता."

"मग हरवलाही असेल."

"चोरीलाच गेला."

त्याने खांदे उडवले आणि चोरीचा फॉर्म पुढे ओढला. त्याचं बरोबर होतं, मलाही खात्री नव्हती. पण मला घरी सांगायचं होतं. हरवला म्हटलं की तुझं लक्ष कुठं होतं, हा प्रश्न आलाच. चोरीला गेला म्हटलं की निदान तेवढा तरी टळतो.

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातली ही गोष्ट. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्यात माल तपासायचं काम करायचे. पोर्तोच्या एका व्यापाऱ्याने आमचा माल अडवून ठेवला होता. कापडात आडवे पट्टे दिसतात, अशी तक्रार होती. आमचे मालक शिरगावेसाहेब म्हणाले, "पद्मजाताई, पट्टा आपल्या मागावर पडलाय की तिकडं रंगवताना, हे तुम्ही नुसता हात फिरवून सांगाल. मी जाऊन काय करणार?"

मी नाहीच म्हणाले होते. सहा वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला होता, तेव्हापासून तिची उजवी बाजू लुळी होती. लग्न मी केलं नव्हतं. धाकटा भाऊ अभिनंदन पुण्यात नोकरीला. घरात आई आणि मी. दिवसा मंगलमावशी यायच्या, मी कामावरून आले की त्या जायच्या. त्या म्हणाल्या, "सात दिवसच ना, मी राहते की रातची पण." अभि म्हणाला, "जा तू बिनधास्त. मी फोनवर आहेच." तेव्हा कुठं मी निघाले.

तो फोनवर होता की नाही मला माहीत नाही. आई मात्र माझ्या फोनवर होती.

"पद्मे, पांढरी गोळी आधी का पिवळी?"

"पद्मे, ही मंगल चहात साखरच घालत न्हाई."

"पद्मे, समोरच्यांच्यात कुणीतरी आलंय. कोण असंल गं?"

गोदामात कापडाचा तागा दिव्याच्या टेबलावर पसरलेला, बाजूला व्यापाऱ्याचा माणूस हाताची घडी घालून उभा, आणि माझा फोन वाजतोय. घेतला नाही तर लगेच पुन्हा वाजायचा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. घरी असतानाही असंच होतं. कारखान्यातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, तुझ्या आईला तू खिशात पाहिजेस. रात्री तिने कूस बदलायला हाक मारली की मी उठायचे. दोनदा, तीनदा. सहा वर्षांत सलग झोपलेली रात्र मला आठवत नव्हती. याचं दुःख वगैरे करत बसले नव्हते. शरीराला एक सवय लागते. सगळं अंग कायम थोडं ताठ राहतं, कुणीतरी आता हाक मारील म्हणून.

काम मंगळवारी संपलं. पट्टे मागावरचे नव्हते, रंगवताना आलेले होते. तिथल्या तिथे दाखवून दिलं आणि त्यांनी ते मान्यही केलं. परतीचं विमान शुक्रवारी संध्याकाळचं. बुधवारी सकाळी नदी बघावी म्हणून ट्राममध्ये चढले, आणि उतरले तेव्हा फोन नव्हता.

चौकीतून मी चालतच हॉटेलवर आले. हॉटेल म्हणजे चढावरचं एक जुनं घर, वर सहा खोल्या. ते चालवणारी लुर्दिश नावाची साठीची बाई खाली स्वयंपाकघराशेजारी राहायची. तरुणपणी तिने लंडनला घरकामं केली होती, त्यामुळे तिच्याशी बोलता यायचं. मी सांगितलं तशी तिने काही न बोलता आपला टेलिफोन माझ्यापुढे ठेवला.

पाठ असे दोनच नंबर होते. एक घरचा आणि एक अभिचा. मी अभिचा फिरवला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा झाले असतील.

"कोण? ताई? हा कुठला नंबर?"

"हॉटेलचा. माझा फोन चोरीला गेला."

"काय सांगतेस? कुठे?"

"ट्राममध्ये. पोलिसात दिलंय."

तो म्हणाला, "मग आता आईचं काय?"

"काय म्हणजे?"

"ती तुला फोन करणार ना. लागला नाही तर घाबरेल ती."

"म्हणून तर तुला सांगतेय. तू कळव तिला. आणि तिला म्हणावं, काही लागलं तर तुला फोन करायचा."

"मला? ताई, मी ऑफिसात असतो. उद्या दिवसभर मीटिंग आहे माझी. तूच घरी रोज दोन-तीनदा फोन कर ना त्या नंबरवरून."

"परक्या बाईचा फोन आहे, अभि. सारखा कसा मागायचा?"

"शुक्रवारपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. "बघतो." त्याचं बघतो म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

फोन ठेवला तर लुर्दिश माझ्याकडे बघत होती. "तुमचा मुलगा?"

"भाऊ."

तिने वाटीभर सूप आणून ठेवलं. बटाटा आणि हिरव्या पाल्याचं. तिथले लोक त्यात मांस घालतात, पण मांस चालत नाही असं मी सांगितल्यापासून ती माझ्यासाठी वेगळं काढत असे. आमच्या जैनाच्या घरात बटाटाही शिजत नाही, पण परगावी मी खाते. सूप संपवून मी तशीच खुर्चीत बसून राहिले. वर जायचं तर तीन जिने चढायला हवे होते.

साडेचारच्या सुमारास टेलिफोन वाजला. लुर्दिश त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली, हसली, आणि एका कागदावर काहीतरी लिहून तो माझ्या हातात दिला.

"सापडला. ट्राममध्येच सीटखाली पडला होता. ड्रायव्हरने आणून दिला. सहा वाजेपर्यंत चौकी उघडी आहे, पासपोर्ट घेऊन जा."

"चोरीला नव्हता गेला?"

"नाही. पडला होता. नशीब तुमचं."

मी पासपोर्ट घेतला आणि निघाले. चौकी दहा मिनिटांवर होती. समोर दगडी चौक, मध्ये एक झाड, झाडाखाली बाक. बाकापर्यंत आले आणि जरा दम खावा म्हणून बसले. चढउताराने पोटऱ्या भरून आल्या होत्या, हे खरंच होतं.

चौकीचं दार काचेचं होतं. आतला तो सकाळचाच पोलीस दिसत होता. एकदा त्याने टेबलाखालून काहीतरी काढून कानाला लावलं, दोन-चार शब्द बोलला आणि परत ठेवलं. मी बघत होते. उठायचं, वीस पावलं चालायचं, सही करायची. एवढंच काम होतं.

बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला, पेपर वाचला, निघून गेला. उन्हं समोरच्या घरांच्या भिंतींवरच्या निळ्या फरशांवर चढत गेली. मला आईची आठवण येत नव्हती. अभिचीही नाही. काहीच मनात येत नव्हतं, आणि तसं होऊन किती वर्षं झाली तेही आठवेना. मान खाली गेली की मी जागी व्हायचे आणि दाराकडे बघायचे. मग पुन्हा मान खाली जायची.

सहा वाजता पोलिसाने दाराची पाटी उलटी केली. मी उठले आणि परत आले.

"मिळाला?" लुर्दिशने विचारलं.

"बंद झालं होतं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. मी पावणेपाचला निघाले होते हे तिला माहीत होतं. "मग उद्या," एवढंच ती म्हणाली.

उद्या मी गेले नाही. गुरुवारी जाग आली तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन पायांवर आलं होतं. घड्याळात दोन वाजत होते. आदल्या संध्याकाळी सातला अंग टाकलं होतं. उठून पाणी प्यायले आणि परत झोपले. पाचला लुर्दिशने दार वाजवलं, ब्रेड आणि चीज ठेवून गेली. चौकीचं नाव तिने काढलं नाही आणि मीही नाही. तो सगळा दिवस मी खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. जगात कुणालाही मी सापडणार नव्हते. भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

शुक्रवारी सकाळी आंघोळ केली, बॅग भरली आणि चौकीत गेले. आज टेबलावर एक बाई होती. तिने पासपोर्ट पाहिला, सही घेतली आणि फोन दिला. बंद पडला होता. हॉटेलवर येऊन चार्जिंगला लावला. कुणी किती फोन केले ते बघायचा धीर नव्हता. सरळ अभिला लावला.

"ताई? मिळाला तुझा फोन?"

"मिळाला. आजच सापडला." खोटं बोलताना आवाज कापला नाही, याचंच मला नवल वाटलं.

"बरं झालं. मी इचलकरंजीत आहे."

"आई?"

"बरी आहे. काल सकाळी गरगरलं तिला. तिनेच फोन केला, अभ्या, ताबडतोब ये म्हणाली. मीटिंग टाकून आलो. डॉक्टरांनी बघितलं, बीपी जरा वाढलेलं आहे. आता झोपलीय."

"मंगलमावशी?"

"त्यांच्या नातवाला ताप आलाय, घरी पाठवलं त्यांना." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, काल रात्री ती चार वेळा उठली."

"हं."

"रोज उठते?"

"दोन-तीनदा."

मग तो म्हणाला, "ये सावकाश. मी आहे सोमवारपर्यंत."

निघताना लुर्दिशने दारात माझे दोन्ही हात धरले. "आज चेहरा बरा दिसतोय तुमचा," ती म्हणाली. विमानात मी पुन्हा झोपले. जेवण आलेलंही कळलं नाही.

रविवारी दुपारी घरी पोचले. अभि आईच्या कॉटशेजारी चटईवर बसला होता, दाढी वाढलेली, शर्टावर हळदीच्या दुधाचा डाग. तो मला काहीतरी बोलणार, असं वाटलं होतं. म्हणजे, एवढी मोठी बाई तू, फोन सांभाळता येत नाही का, असलं काहीतरी. तो म्हणाला, "तिला उजवीकडून उचलायचं की डावीकडून? काल माझ्या हातून घसरली असती."

"डावीकडून. तिचा चांगला हात आपल्या खांद्यावर घ्यायचा."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्याने कधी विचारलं नव्हतं, हे मी बोलले नाही. प्रवासाने जीव शिणला होता आणि त्याचाही शिणलेला दिसत होता.

आई माझ्याकडे बघत होती. "आलीस?" म्हणाली. नंतर तोंड भिंतीकडे करून झोपली. पद्मे, किती उशीर, पद्मे, मी मेले असते तर, यातलं काही म्हणाली नाही. मला ते बरंही वाटलं आणि जरा खटकलंही.

त्यानंतर गोष्टी हळूहळू बदलल्या. सगळ्या नाहीत. पण रात्रीसाठी अभिने एक बाई लावून दिली. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्रीच्या गाडीने तो यायचा आणि रविवारपर्यंत राहायचा. त्या दोन दिवसांत आईचं सगळं तोच बघायचा. सुरुवातीला चुकायचा, आई त्याच्यावर करवादायची, पण शिकला. पाहुण्यांत बसला की सांगायचा, "पोर्तुगालच्या चोराने ताईचा फोन मारला आणि माझे डोळे उघडले." लोक हसायचे. मी चहाचे कप उचलून आत जायचे.

आईचे फोनही कमी झाले. कारखान्यात दिवसाकाठी दोन-तीन, तेही कामापुरते. एवढी कशी बदलली, असं मला वाटायचं. आजारानेच बदलली असेल, म्हणून सोडून द्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मी तिची नखं काढत बसले होते. पंखा फिरत होता. ती छताकडे बघत होती.

"पद्मे, तिथं पोलीस लोक मराठी न्हाई बोलत न्हवं?"

"कुठं?"

"तू गेली हुतीस तिथं."

"नाही गं. का?"

"त्या दिवशी अभ्यानं सांगितलं, ताईचा फोन चोरीला गेलाय, तिला फोन करू नको. पर सवय असती की. मी लावला आपला. कुणी बाप्यानं उचलला."

माझा हात थांबला.

"काय काय बोलला. मी म्हटलं, पद्मी हाय का, पद्मी. तर त्यो म्हणाला, पोलीस, पोलीस. ओके, ओके. पोलीस कळायला इंग्रजी कशाला यायला पायजे?"

काचेच्या दाराआड त्याने कानाला लावलेलं काय होतं, ते मला तेव्हा कळलं. बाकावरून मी ते बघत होते.

"मला वाटलं, आता ही जाऊन घिऊन येईल आणि मला फोन करंल," आई म्हणाली. "रातभर वाट बघितली. सकाळी पण न्हाई आला. मग म्हटलं, हिला नकोच असंल."

मी तिचा हात तसाच धरून बसले होते. शेवटी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं की. न वाटायला काय झालं." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "झोपली हुतीस?"

"हो."

"किती?"

"दिवसभर. जवळजवळ दोन दिवस."

तिने पुन्हा छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलंच हुतं."

"आणि गरगरत होतं ते?"

"थोडं थोडं."

"आई."

"एवढं काय. माझ्या पोराला मी बोलवायचं न्हाई व्हय? सहा वर्सं झाली, दोन दिसाच्या वर त्यो कधी राह्यला न्हाई. मला बी वाटत हुतं, यावं त्यानं."

"मग फोन पोलिसांकडं सापडलाय, हे त्याला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असता का त्यो?"

तिने हात माझ्याकडून सोडवून घेतला आणि पदरावर ठेवला. तेवढ्याने ती दमली होती. डोळे मिटून म्हणाली, "शुक्रवारी येणार हाय. त्याला काय बोलू नकोस."

"नाही बोलत."

"आणि तू बी पड जरा."

मी तिच्या कॉटशेजारी चटई टाकली आणि पडले. त्या दुपारी आम्ही दोघी झोपलो, पाच वाजेपर्यंत.

आई गेली त्याला आता पाच वर्षं झाली. शेवटचे आठ महिने ती अभिकडे पुण्यात होती, त्याच्याच मांडीवर गेली. तिच्या पहिल्या पुण्यतिथीला सगळे जमले होते, तेव्हाही त्याने पोर्तुगालच्या चोराची गोष्ट सांगितली. सांगताना त्याचा आवाज भरून आला. मी त्याच्या शेजारी बसून ऐकत होते, आणि त्याने पाणी मागितलं तेव्हा उठून आणून दिलं.